साडेतीन शिलिंग

ऋषिपंचमीची दुपार. पडवीत अळूच्या देठांचा, न वाळलेल्या कपड्यांचा आणि आदल्या रात्रीच्या धुपाचा एकत्र वास कोंडला होता. पाऊस कौलांवर धरून होता. काका झोपाळ्यावर बसून आजोबांची गोष्ट सांगत होते आणि चुलतभावाचा मुलगा समोर फोन धरून ती टिपत होता. गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ आहे. लहानपणीच आई गेली. चौदाव्या वर्षी अंगावरचा सदरा आणि खिशात साडेतीन रुपये एवढ्यावर आजोबा विजयदुर्गाला आगबोटीत चढले, भाऊच्या धक्क्याला उतरले, गोदीत ओझी वाहिली, कॉटन ग्रीनच्या वखारीत कापसाच्या गाठी मोजल्या, मुकादम झाले, पुढे स्वतःच्या दोन लॉऱ्या घेतल्या आणि गावचं हे मातीचं घर चिरेबंदी केलं. बोटीनं मात्र ते पुन्हा कधी गावी आले नाहीत. १९४७ साली रामदास बोट बुडाली, त्या धास्तीनं, असं घरात सांगतात. 'साडेतीन' म्हणताना काका दरवेळी जरासे थांबतात. त्या थांबण्यात सगळं घराणं उभं असतं. त्या दिवशीही ते थांबले, आणि नेमकी तेवढ्यात, खाली बसून ऋषीची भाजी निवडणारी आत्या मान वर न करता म्हणाली, "साडेतीन खयचे? सात होते. साडेतीन त्या दुसऱ्या झिलाचे."

कोणी काही बोललं नाही. झोपाळ्याची कडी करकरली. काकांनी घसा खाकरला आणि गोष्ट गोदीपासून पुढे चालू केली. आठवड्यानं घरच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, मागे बासरी वगैरे लावून. त्यात आत्याचं वाक्य नव्हतं.

दुसरा झील कोण, हे मी तेव्हा विचारलं नाही.

साडेतीन या आकड्याचं आपल्याकडे काहीतरी आहे. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन आणि सरतेशेवटी देहही साडेतीन हातांचा. तीन म्हटलं तर आकडा उघडाबोडका वाटतो, चार म्हटलं तर ठोकून दिल्यासारखा. तो अर्धा जोडला की सांगणारा मोजून सांगतोय असा भरवसा बसतो. म्हणून मुंबईच्या कापसाबद्दल काहीबाही वाचताना विल्यम शॉ लिंडसे नावाचा माणूस भेटला आणि त्यानं १८३१ साली स्कॉटलंडमधलं घर सोडलं तेव्हा खिशात तीन शिलिंग सहा पेनी होते असं समोर आलं, तेव्हा मला एकट्यालाच हसू फुटलं. बारा पेनींचा एक शिलिंग. म्हणजे साडेतीनच की!

एअर नावाच्या किनाऱ्यावरच्या गावचा हा मुलगा. दहाव्या वर्षी पोरका झाला, धर्मोपदेशक असलेल्या काकांनी वाढवला, पंधराव्या वर्षी निघाला. कोळशाच्या बोटीवर तळाशी कोळसा सारून भाडं फेडलं आणि लिव्हरपूल गाठलं. तिथे सात आठवडे काम मिळालं नाही. गोदीतल्या शेडखाली, रस्त्यावर झोपायचं, मिळेल ते खायचं. लिव्हरपूल मी पाहिलेलं नाही. पण गोदीच्या शेडखालची रात्र कशी असते ते आजोबांच्या तोंडून ऐकलंय. डांबराचा आणि कुजक्या फळांचा वास, ओल्या गोणपाटाखाली उंदरांची पळापळ, आणि पोटात काही नसलं की रात्री दोन वाजता येणारी ती मळमळ, जी उलटीही होऊ देत नाही. आजोबा म्हणायचे, भूक लागते ती पहिले दोन दिवस. नंतर भूक लागत नाही, राग येतो. कुणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

सात आठवड्यांनी लिंडसेला वेस्ट इंडीजच्या धंद्यातल्या 'इझाबेला' जहाजावर केबिन बॉयची नोकरी लागली. कप्तानाच्या खोलीत झाडलोट, ताटं, बूट. पुढची काही वर्षं एखाद्या दर्यावर्दी कादंबरीतून उचलल्यासारखी आहेत. जहाज फुटलं त्यात दोन्ही पाय आणि एक हात मोडला. बरा होऊन परत समुद्रावर गेला. विशीतच 'ऑलिव्ह ब्रँच' जहाजाचा कप्तान झाला. १८३९ मध्ये इराणच्या आखातात झालेल्या चकमकीत त्याच्यावर तलवारीचा वार बसला, पडता पडता त्यानं पिस्तूल झाडून समोरच्याला मारलं. एवढं सगळं पंचवीस वर्षं पुरी व्हायच्या आत. मग समुद्र सोडून हार्टलपूलला एका कोळसा कंपनीचा एजंट झाला. त्या बंदराला स्वतंत्र बंदराचा दर्जा मिळवून देण्यात त्याचा हात होता. १८४५ मध्ये लंडनला आला. जहाजं भाड्यानं लावणं, दलाली, विमा, मग स्वतःचीच जहाजं, असं करत काही वर्षांत लंडनच्या मोठ्या जहाज व्यापाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जाऊ लागलं. ज्या जमान्यात शिक्का मारलेलं शिक्षण आणि वाडवडिलांचं नाव यांवाचून सरकारदरबारी कुणी खुर्ची पुढे करत नसे, त्या जमान्यात.

राजकारणाची हौस त्यालाही सुटली नाही. १८५२ या एकाच वर्षात दोन ठिकाणी उभा राहिला आणि दोन्हीकडे पडला. मला हा तपशील आवडतो. १८५४ मध्ये टाइनमथमधून निवडून आला, १८५९ पासून संडरलंडचा खासदार. दोन्ही बंदरांची गावं, कोळशानं काळवंडलेली, म्हणजे त्याच्या घरचीच. टाइनमथचा खासदार असताना क्रिमियाचं युद्ध चालू होतं आणि नौदल खात्याचा वाहतुकीचा बट्ट्याबोळ रोज पेपरात येत होता. माल एका जहाजात, त्याची यादी दुसऱ्यात. लिंडसे सभागृहात उभा राहून अधिकाऱ्यांचे वाभाडे काढायचा, कारण जहाजाच्या पोटात काय कुठे ठेवतात हे त्या दालनात त्याच्याइतकं फार थोड्यांना ठाऊक होतं. त्यानं स्वतः ते वाकून रचलं होतं. इथपर्यंत वाचताना मी पूर्ण त्याच्या बाजूचा होतो. काकांना फोन करून सांगावं, बघा, आपल्या आजोबांसारखाच एक साहेब होता, असंही वाटलं.

मग १८६१ आलं.

अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि लिंकनच्या आरमारानं दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथून यायचा. साठे संपत आले तशा चिमण्या थंडावल्या. प्रेस्टन, ब्लॅकबर्न, विगन. १८६२ सरेपर्यंत पाच लाखांच्या आसपास माणसं मदतीच्या अन्नावर आली. लोकांनी घड्याळं विकली, मग पलंग, मग पांघरुणं. सूतगिरणीच्या सवयीच्या बोटांना रस्त्यावर खडी फोडायला बसवलं. आणि या भुकेल्यांसाठी संसदेत ज्यानं कंबर कसली तो लिंडसे. त्याचं म्हणणं साधं होतं. ब्रिटननं मध्ये पडावं, दक्षिणेला वेगळा देश म्हणून मानावं, नाकेबंदी संपावी, कापूस यावा. एप्रिल १८६२ मध्ये तो पॅरिसला जाऊन तिसऱ्या नेपोलियनला भेटला, एकदा नव्हे, त्याच महिन्यात पुन्हा पुन्हा. लिव्हरपूलच्या शेडखाली झोपलेलं पोरगं तीस-एकतीस वर्षांनंतर फ्रान्सच्या बादशहाशी दोन देशांच्या वतीनं बोलत होतं, आणि तेही स्वतःच्या परराष्ट्रमंत्र्याला बगल देऊन. मंत्र्याला ते अर्थातच झोंबलं.

त्याच्या मनात नुसती भूकच होती असं नाही. तो व्यापारी होता. १८६० मध्ये तो अमेरिकेत जाऊन आला होता, तिथल्या जहाजविषयक कायद्यांत ब्रिटिश जहाजांना वाट मिळते का ते पाहायला. उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांनी दाद दिली नव्हती. उत्तरेचे जहाजमालक हे त्याचे प्रतिस्पर्धी, दक्षिणेचे मळेवाले हे गिऱ्हाईक. खुल्या व्यापारावर त्याची श्रद्धा होती, आणि श्रद्धा व फायदा एकाच दिशेला चालले की माणसाला स्वतःवर शंका घ्यायचं कारण उरत नाही. युद्धाचं मूळ जकातीत आहे, गुलामगिरीत नाही, असं तो सांगत राहिला.

इथे मी पुस्तक मिटलं होतं. म्हणजे टॅब बंद केली होती. कारण मला 'इझाबेला' आठवली. १८३१ साली वेस्ट इंडीजकडे जाणारं जहाज म्हणजे साखर आणि रम. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली ती १ ऑगस्ट १८३४ ला. म्हणजे या पोरानं आपल्या पहिल्याच सफरीत धक्क्यावर साखरेची पिंपं कोण गडगडवत आणतं, कुणाच्या पाठीवर काय उमटलंय, हे पाहिलं असणार. पंधरा-सोळा वर्षांच्या डोळ्यांना हे दिसत नाही असं होत नाही. मी त्याच्या ताटं घासणाऱ्या हातांकडे इतका वेळ पाहत होतो की जहाजात माल कोण भरतंय ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

पुढचं तर आणखी चमत्कारिक. दक्षिणेचा वकील म्हणून लंडनला आलेला जेम्स मेसन लिंडसेचा मित्र झाला, थेम्सकाठच्या शेपर्टनमधल्या त्याच्या घरी पाहुणा म्हणून राहायचा. हाच मेसन १८५० च्या फरारी गुलाम कायद्याचा मसुदाकार. मालकाकडून पळून गेलेला माणूस स्वतंत्र राज्यात पोचला तरी त्याला पकडून परत मालकाच्या हवाली करायचं, असा तो कायदा. घर सोडून निघालेल्या पोराच्या जेवणाच्या टेबलावर पळून गेलेल्यांना परत आणणारा बसलाय. शेपर्टनच्या हिरवळीवर संध्याकाळी चहा होत असेल, नदीवरून वारा येत असेल, आणि यजमान पाहुण्याला आपली साडेतीन शिलिंगांची गोष्ट सांगत असेल. ही माझी कल्पना, पण अशी माणसं ती गोष्ट सांगितल्याशिवाय राहत नाहीत, हे मी झोपाळ्यासमोर बसून शिकलोय.

१८ जुलै १८६२ ला त्यानं मध्यस्थीचा ठराव मांडला. बराच वेळ चर्चा झाली. म्हातारा पंतप्रधान पामर्स्टन उठला आणि म्हणाला की हे सरकारवर सोपवा, आत्ता सभागृहानं हात बांधू नयेत. लिंडसेनं ठराव मागे घेतला. पुढच्या वर्षी रोबक नावाच्या सहकाऱ्याला घेऊन तो पुन्हा नेपोलियनला भेटून आला, पुन्हा ठराव आला, पुन्हा मागे घेतला गेला, या वेळी जरा हसंही झालं.

आता जिथं माझा पाय अडकतो तो भाग. त्या जुलैच्या रात्री त्याचं चाललं असतं तर काय झालं असतं? अमेरिकेचा कापूस कदाचित परत लिव्हरपूलला लागला असता आणि आमच्या मुंबईला कुणी विचारलं नसतं. नाही चाललं, म्हणून खानदेश-वऱ्हाड-गुजरातचा आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला कापूस, ज्याला लँकेशायरमध्ये सरसकट 'सुरत' म्हणून नाकं मुरडत, तो सोन्याच्या मोलानं गेला. भाव दोन-तीन वर्षांत तिप्पट-चौपट झाले. लोकांनी गाद्या उसवून कापूस विकला म्हणतात. गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या म्हणतात. त्या चार वर्षांत मुंबईत नेहमीपेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्तीचे आले, असे त्या काळचे अंदाज आहेत. बँका निघाल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या, बॅकबेच्या शेअरांवर माणसं वेडी झाली. कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदांनी १८६४ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दोन लाख रुपये दिले, मग आईच्या नावाच्या मनोऱ्याला आणखी दोन लाख. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली यानं शस्त्रं टाकली आणि १ जुलैला वायद्यांचा हिशेब चुकता करायच्या दिवशी अर्धी मुंबई दिवाळखोर निघाली. प्रेमचंदही बुडाले. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. गावाकडे सावकारांनी हात आखडले, भाव उतरले तरी सारा उतरला नाही. दहा वर्षांनी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांच्या दंग्यात सावकारांचे कर्जरोखे पेटले.

मी विद्यापीठाच्या त्या ग्रंथालयात बसून अभ्यास केला. खिडक्यांच्या रंगीत काचांतून वहीवर पडणारा निळा-तांबडा ठिपका दुपारभर सरकत जायचा, वर तास पडला की बाकाखालून पायांना हलका कंप जाणवायचा. फोर्टातल्या आर्द्र हवेत जुन्या कातडी बांधणीला येणारा वास मला अजून कुठेही एकदम आठवतो. ते सुख कुणाच्या थांबलेल्या मागावर उभं होतं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी परीक्षा तोंडावर होती. विगनमध्ये पांघरूण गहाण पडलं तेव्हा इथे गादी उसवली जात होती. कापसाचा हिशेब तेवढा दोन्हीकडे जुळतो.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र लिंडसेच्या हिशेबात बसत नाही. ३१ डिसेंबर १८६२ ला, भर उपासमारीत, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामकऱ्यांची सभा भरली आणि त्यांनी लिंकनला पत्र पाठवलं, की तुम्ही गुलामगिरी संपवा, आम्ही तुमच्या बाजूचे आहोत. लिंकननं १९ जानेवारीला उत्तर लिहिलं, त्यांच्या हालांची जाण ठेवून. सगळं लँकेशायर असंच बोलत होतं असं नव्हे. नाकेबंदी मोडा म्हणणाऱ्याही सभा झाल्या, आणि उपाशी माणसानं तसं म्हटलं तर त्याला नावं ठेवणारा मी कोण? पण ज्यांच्या भुकेच्या नावानं लिंडसे पॅरिसच्या वाऱ्या करत होता त्यांच्यातल्या काहींनी आपली भूक बाजूला ठेवून समुद्रापलीकडच्या न पाहिलेल्या माणसांची मोजली. त्यानं ती माणसं पाहिलेली होती.

तरी त्याच्यावर धड रागावता येत नाही. १८६५ मध्ये तब्येत ढासळली म्हणून संसदेतून बाहेर पडला. शेपर्टनला रेल्वे यावी म्हणून धडपडला होता, ती आदल्याच वर्षी आली होती. उरलेली वर्षं त्यानं व्यापारी जहाजांचा इतिहास लिहिण्यात घालवली, पुरातन काळच्या नावांपासून वाफेच्या जहाजांपर्यंत, चार जाडजूड खंड, १८७४ ते १८७६. पुढच्या वर्षी, २८ ऑगस्ट १८७७ ला गेला. त्या खंडांची स्कॅन केलेली पानं मी रात्री चाळत बसायचो. टनांचे आकडे, भाड्याचे दर, शिडांची मापं. मोजायला बसलेला माणूस. आजोबा शेवटच्या आजारपणात रात्री झोपेत गाठी मोजायचे. अठ्ठावीस, एकोणतीस. तिसाला थांबायचे आणि पुन्हा एकपासून. मी उशाशी बसलेला असायचो. एकदा त्यांनी डोळे उघडून मला विचारलं होतं, "तो उतरला?" मी म्हटलं, कोण? ते परत मोजायला लागले. मी ते तापातलं बोलणं समजून सोडून दिलं, गेली बावीस वर्षं.

दिवाळीनंतर आत्याला फोन केला. आधी तब्येत, मग गुडघे, मग कोकमाचा भाव, मग मी विचारलं, आत्ये, तो दुसरा मुलगा कोण गं? तिला काय विचारतोय ते लगेच कळलं. म्हणाली, "शेजारच्या वाडीतलो. नाव म्हायत नाय. बाबांनी नाव कधी घेतल्यानी नाय." मग पैसे? "त्याका बोट लागली होती. उलटी करून करून गळून गेल्लो. पैसे पडतीत म्हणान बाबांकडे दिल्यान सांभाळूक."

मगे?

"मगे काय? धक्क्यार ही गर्दी."

फोनमध्ये मागे कुकरची शिट्टी झाली, तिनं सुनेला गॅस बारीक करायला सांगितलं. मला वाटलं झालं, आता ठेवेल. पण ती म्हणाली, "आणि तुझो काका सांगता ता खोटा. रामदास मगे बुडली. बाबा त्येच्या किती आदीपासून कोल्हापुरावरून येयत. घाटातून, सर्व्हिस मोटारीन."